अडतीस दिवसांचा पेशंट

"सर, सॅम्पल साइझ काढून द्याल?"

वर्षातून निदान पन्नास वेळा तरी हा प्रश्न मला विचारला जातो. विचारणारे बहुतेक एमडी-एमएसचे विद्यार्थी. हातात प्रबंधाचा आराखडा, एथिक्स कमिटीची तारीख चार दिवसांवर, आणि चेहऱ्यावर दाखला काढायला तहसील कचेरीत आल्याचा भाव. त्या दिवशी आली ती सर्जरीची रेसिडेंट होती. तिचा विषय सरळ होता. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर पेशंटला लवकर उठवलं, लवकर चालवलं, लवकर खायला दिलं, तर तो लवकर घरी जातो का?

"किती पेशंट लागतील असं तुला वाटतं?" मी विचारलं.

"साठ येतील असं बघा ना सर. मागच्या बॅचचे सगळे साठच आहेत."

उत्तर आधी ठरलेलं आणि त्याला साजेसं गणित हवं, हा प्रकार आमच्या धंद्यात इतका रुळलेला आहे की आता मला रागही येत नाही. मी तिला वॉर्डचं डिस्चार्ज रजिस्टर आणायला सांगितलं. नव्या पद्धतीच्या आधीचे ओळीने वीस पेशंट घे आणि प्रत्येक जण किती दिवस राहिला ते लिही, एवढंच काम. तिने आणलेले आकडे असे होते (समजायला सोपे जावेत म्हणून मी ते इथे थोडे जुळवून, चढत्या क्रमाने लावले आहेत):

२, २, ३, ३, ३, ३, ३, ४, ४, ४, ४, ४, ५, ५, ६, ६, ७, ९, १४, ३८.

शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून मी विचारलं, हा कोण? तिला तो आठवत होता. अपेंडिक्स फुटून आलेला, मधुमेही, जखम चिघळली, पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. "तो अपवाद आहे सर. त्याला काढून टाकू या का?"

हे सगळं प्रकरण त्या एका माणसाला काढायचं की ठेवायचं याबद्दल आहे.

आधी नेहमीचं गणित. दोन गटांच्या सरासरीतला फरक पकडायचा असेल, तर दर गटात किती माणसं लागतात याचा एक सुटसुटीत हिशेब आहे. प्रमाण विचलनाचा, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाचा, वर्ग करा, जो फरक पकडायचा आहे त्याच्या वर्गाने भागा, आणि १६ ने गुणा. हा १६ आकाशातून पडलेला नाही. नसलेला फरक आहे असं सांगण्याची चूक शंभरात पाच वेळाच व्हावी म्हणून १.९६, आणि असलेला फरक शंभरात ऐंशी वेळा सापडावा म्हणून ०.८४. दोन्हींची बेरीज २.८, तिचा वर्ग ७.८४, गट दोन म्हणून दुप्पट, म्हणजे १५.७. तोंडी हिशेबाला १६.

आता रजिस्टरकडे वळू. वीस जणांची सरासरी ६.४५ दिवस, प्रमाण विचलन ७.९२. पुस्तकातली घंटेच्या आकाराची वक्ररेषा, जिला शाळेत प्रसामान्य वितरण म्हणतात, ती इथे लावून पाहा. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलन घेतलं की त्यात साधारण दोन तृतीयांश माणसं बसायला हवीत. डावीकडचं टोक येतं उणे दीड दिवस! ऑपरेशनच्या दीड दिवस आधीच घरी गेलेला पेशंट. सरासरीच्या मानाने प्रमाण विचलन एवढं मोठं, आणि मोजमाप शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, अशी जोडी दिसली की घंटा विसरावी. ही आकृती घंटेची नाही, घसरगुंडीची आहे: डावीकडे उंच ढीग आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट.

तरीही सूत्रात आकडे टाकलेच, तर एका दिवसाचा फरक पकडायला दर गटात सुमारे १००५ पेशंट लागतात. अडतीस दिवसवाल्याला वगळून तेच गणित पुन्हा केलं, तर सरासरी येते ४.७९, प्रमाण विचलन २.८४, आणि दर गटात १२९ पेशंट. विसातला एक माणूस हलला की गरज आठपट बदलते. सूत्रात प्रमाण विचलनाचा वर्ग असतो आणि शेपटातला माणूस सरासरीपासूनच्या अंतराच्या वर्गाने त्यात भर घालतो, म्हणून असं होतं. जे सूत्र एका पेशंटच्या जखमेवर एवढं हेलकावतं, त्याच्यावर दीड वर्षाचं काम कोण बेतेल?

मग त्याला काढावं का? त्याचा आकडा लिहिताना चूक झाली असती, ३.८ चे ३८ झाले असते, तर जरूर काढावा. पण तो खरा आहे. तो त्या कॉटवर अडतीस दिवस खरोखर पडून होता, आणि उद्या अभ्यास सुरू झाला की त्याच्यासारखे आणखी येणार आहेत. कागदावरून त्यांना घालवता येईल, वॉर्डातून नाही.

इथे मी तिला एक प्रश्न विचारला. तो आकडेमोडीच्या आधी विचारायला हवा आणि बहुतेक कोणी विचारत नाही. तुला नेमका कुठला फरक बघायचा आहे? वॉर्डात खाटा किती लागतील हे ठरवणाऱ्या अधीक्षकाला एकूण दिवसांशी मतलब असतो. एकूण दिवस म्हणजे सरासरी गुणिले पेशंट. त्याच्या हिशेबात अडतीस दिवसवाला एकटा दहा जणांच्या जागा अडवतो, म्हणून त्याला सरासरीच हवी आणि शेपटासकट हवी. उलट ऑपरेशनच्या आदल्या दिवशी "डॉक्टर, किती दिवस राहावं लागेल?" असं विचारणाऱ्या आईला ६.४५ हे उत्तर देणं म्हणजे फसवणूक आहे. वीसपैकी सोळा जण त्याआधीच घरी गेले. तिच्यासाठी मध्यक, म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाचे चार दिवस, हेच खरं उत्तर. प्रश्न बदलला की लागणारे पेशंटही बदलतात. घंटेच्या आकाराच्या जगात सरासरी आणि मध्यक एकाच जागी बसतात, त्यामुळे हा भेद कोणाच्या लक्षात येत नाही. घसरगुंडीच्या जगात तो टाळता येत नाही.

रेसिडेंट म्हणाली, "मला टक्क्यांत हवंय. राहण्याचे दिवस वीस टक्क्यांनी कमी झाले तर आमचे सर खूश."

हे छान झालं, कारण टक्क्यांचा प्रश्न म्हणजे गुणाकाराचा प्रश्न, आणि गुणाकाराला लॉगॅरिथम लागू पडतो. प्रत्येक आकड्याचा नैसर्गिक लॉग घेतला की ३८ आणि ४ यांच्यातलं चौतीस दिवसांचं अंतर सव्वादोनवर येतं. शेपूट आत ओढलं जातं. या विसांच्या लॉगची सरासरी १.५५, प्रमाण विचलन ०.६८. सरासरी पुन्हा दिवसांत आणली की ४.७ दिवस मिळतात. हा भूमितीय मध्य, आणि तो मध्यकाच्या बराच जवळ आहे. वीस टक्के घट म्हणजे ०.८ पट, तिचा लॉग उणे ०.२२३. जुनंच सूत्र, नव्या मापात: ०.६८३ चा वर्ग, भागिले ०.२२३ चा वर्ग, गुणिले १६. दर गटात १५० पेशंट.

१००५ वरून १५० वर आलो म्हणून टाळ्या वाजवण्याआधी थांबावं. ही तुलना सरळ नाही. मघाशी आपण एक दिवस धरला होता, आता वीस टक्के. सरासरीचे वीस टक्के म्हणजे १.२९ दिवस घेतले, तर कच्च्या आकड्यांवर दर गटात ६०४ येतात. ६०४ विरुद्ध १५० ही खरी तुलना. अडतीस दिवसवाल्याला वगळलं तर लॉगच्या मापात १५० चे ७७ होतात. म्हणजे तो इथेही वजन टाकतो, पण दुपटीचं, आठपटीचं नाही.

लॉगची ही सवय वैद्यकशास्त्रात जुनी आहे. लसीनंतरची प्रतिपिंडं मोजताना रक्तद्रव पायरीपायरीने निम्मा पातळ करत नेतात: १० पट, २०, ४०, ८०. ही मोजपट्टीच गुणाकाराची, म्हणून तिथे भूमितीय मध्यच छापला जातो. एचआयव्हीच्या रुग्णातल्या विषाणूंची संख्याही लॉगमध्येच बोलली जाते. शंभरपासून लाखांपर्यंत पसरलेल्या आकड्यांची साधी सरासरी काढून कोणाचंच भलं होत नाही. अडचण येते ती शून्याची. विष्ठेतल्या जंतांच्या अंड्यांची मोजणी असेल, तर अर्ध्याअधिक माणसांत एकही अंडं सापडत नाही आणि दोघाचौघांत हजारो. शून्याला लॉग नाही. तिथे मोजणीसाठीची वेगळी वितरणं वापरावी लागतात, आणि 'सगळ्यांत एक मिळवून लॉग घेऊ' हा जो सर्रास तोडगा आहे तो माझ्या मते आळशीपणा आहे.

आता दुसरी वाट. आकडे विसरा, फक्त क्रम बघा. सगळ्यांना एका रांगेत उभं करा आणि पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर द्या. अडतीस दिवसवाला आता फक्त 'शेवटचा' आहे. तो अडतीस दिवस राहिला काय किंवा तीनशे, त्याचा नंबर विसावाच. ही कल्पना १९४५ साली फ्रँक विलकॉक्सन यांनी मांडली. ते संख्याशास्त्रज्ञ नव्हते, अमेरिकन सायनामिड कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते, आणि लेखातलं त्यांचं उदाहरण माश्या मारायच्या दोन फवाऱ्यांचं होतं. दोन वर्षांनी मान आणि व्हिटनी यांनी त्याच विचाराला पक्का गणिती पाया दिला, म्हणून आज ही चाचणी तिघांच्या नावाने फिरते. प्रबंधांत तिला सर्रास 'मध्यकांची चाचणी' म्हणतात, ते बरोबर नाही. ती विचारते ते असं: नव्या पद्धतीचा कोणताही एक पेशंट आणि जुन्या पद्धतीचा कोणताही एक पेशंट उचलला, तर नवा आधी घरी जाण्याची शक्यता किती? दोघे एकाच दिवशी गेले तर अर्धा गुण. काहीच फरक नसेल तर ही शक्यता ०.५.

या प्रश्नासाठी पेशंट किती लागतील याचं सूत्र गॉटफ्रीड नोएथर यांनी १९८७ साली दिलं. थोर गणितज्ञ एमी नोएथर त्यांच्या आत्या. सूत्र असं: गट समान असतील तर मघाच्या ७.८४ ला, ती शक्यता ०.५ पासून जितकी दूर आहे त्याच्या वर्गाच्या तिपटीने भागा. उत्तर दोन्ही गटांचं मिळून. यात सरासरी नाही, प्रमाण विचलन नाही, घंटाही नाही. आपल्या वीस टक्के घटीचं भाषांतर या मापात केलं तर शक्यता येते सुमारे ०.५९. एकूण ३२३, म्हणजे दर गटात १६२. लॉगच्या वाटेने १५०, क्रमाच्या वाटेने १६२. दोन वेगळ्या रस्त्यांनी येऊन माणसं एकाच चौकात भेटली, म्हणजे रस्ते ठीक असावेत.

क्रम लावताना माहिती फेकून दिली जाते, मग नुकसान किती? हा प्रश्न अनेकांना छळत होता. आकडे अगदी घंटेच्या आकाराचे असले, तरी क्रमाची चाचणी सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या नेहमीच्या टी-चाचणीच्या ९५.५ टक्के कार्यक्षम असते. आणि १९५६ साली हॉजेस आणि लेहमन यांनी दाखवलं की, आकृती कुठलीही असो, मोठ्या नमुन्यांत ही कार्यक्षमता ८६.४ टक्क्यांच्या खाली जातच नाही. वर मात्र ती कितीही जाऊ शकते. 'टी-चाचणीचा हिशेब करा आणि पंधरा टक्के वाढवा' हा जो नियम पुस्तकांत भेटतो, त्याचं मूळ बहुतेक इथेच आहे. १ भागिले ०.८६४ म्हणजे १.१६. नियम वाईट नाही, पण त्याने आपली सुटका होत नाही. पंधरा टक्के कशावर वाढवायचे, १२९ वर की १००५ वर?

एवढ्यात कोणीतरी विचारतंच, "पण तीसच्या वर नमुना असला की सगळं नॉर्मल होतं ना?" हा तीसचा आकडा आमच्या क्षेत्रातलं लिंबू-मिरची आहे, दारावर टांगला की दोष लागत नाही असा समज. खरी गोष्ट अशी की मोठ्या नमुन्याच्या सरासरीचं वागणं हळूहळू घंटेकडे जातं, पण किती हळू ते शेपटावर अवलंबून. विल्यम कॉक्रन यांनी १९५३ च्या नमुनाशास्त्रावरच्या ग्रंथात एक कामचलाऊ नियम दिला: विषमतेच्या गुणांकाचा (शेपूट एका बाजूला किती लांब याचं माप) वर्ग करा आणि २५ ने गुणा, नमुना त्याहून मोठा असेल तर ९५ टक्क्यांच्या दाव्यात ५ ऐवजी फार तर ६ टक्के चूक होईल. आपल्या वीस जणांचा विषमतेचा गुणांक ३.४ आहे. म्हणजे २९०, तीस नव्हे. कॉक्रनचा नियम एका गटाच्या सरासरीपुरता आहे. दोन सारख्याच गटांची वजाबाकी केली की दोन्हीकडची शेपटं एकमेकांना बरीचशी सावरतात, त्यामुळे टी-चाचणी खोटी ओरड फारशी करत नाही. ती करते ते उलटं. खरा फरक समोर असतानाही गप्प बसते.

राहिला सगळ्यांत अवघड भाग: हे ०.६८, हे ०.५९ आणायचं कुठून? लोक म्हणतात, छोटा पायलट अभ्यास करा. समजा पन्नासात एक पेशंट लांब राहणारा असतो. वीस जणांच्या पायलटमध्ये असा एकही न सापडण्याची शक्यता ०.९८ चा विसावा घात, म्हणजे ६७ टक्के. तीनपैकी दोन पायलट अभ्यासांना शेपूट दिसणारच नाही. ते करणारी मुलं १२९ लिहून निर्धास्त होतील, आणि अडतीस दिवसवाला येईल तो प्रत्यक्ष अभ्यासात, अर्ध्या वाटेवर. म्हणून मी तिला सांगितलं की पायलट नको. रजिस्टर आहेच, दोन वर्षांची पानं उलट.

आणि ती पानं हाती आली की सूत्राचीही फारशी गरज उरत नाही. १९०८ साली, डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने टी-वितरणाचा लेख लिहिला. आपलं गणित बरोबर आहे का हे बघायला त्यांनी ३००० गुन्हेगारांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तितक्याच तुकड्यांवर लिहिली, तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चारचे ७५० नमुने काढले. आज तेच काम संगणक करतो. रजिस्टरातले आकडे टोपलीत टाकायचे. चिठ्ठी उचलायची, वाचायची, परत टाकायची, असं १६० वेळा. हा जुना गट. पुन्हा १६० उचलायच्या आणि प्रत्येक आकडा ०.८ ने गुणायचा. हा नवा गट. जी चाचणी शेवटी वापरणार तीच लावायची, फरक सापडला की रेघ मारायची. असं दहा हजार वेळा. आठ हजार रेघा झाल्या तर १६० पुरे. सात हजारच झाल्या तर १८०, २०० करून बघायचं. हजार फेऱ्यांत या टक्केवारीला अडीच टक्के इकडे-तिकडेचा हेलकावा असतो, दहा हजारांत एका टक्क्याच्या आत येतो. घंटा आहे की घसरगुंडी, हे आपोआप हिशेबात धरलं जातं. मला विचाराल तर या सगळ्यात हीच वाट सगळ्यांत प्रामाणिक.

आठवड्याने ती परत आली. दोन वर्षांत ३६० नोंदी, त्यात तीस दिवसांवर राहिलेले सात.

"आता साठचं काय?" मी विचारलं.

तिने स्वतःच उलटा हिशेब करून आणला होता. दर गटात तीस पेशंट घेतले, तर राहण्याचे दिवस चाळीस टक्क्यांनी घटले तरच ते पकडता येईल, ४.७ वरून २.९ च्याही खाली. "तेवढं कोणीच करू शकत नाही सर," ती म्हणाली. तिच्या वॉर्डात महिन्याला पंधरा पेशंट, दीड वर्षात २७०. मध्येच सोडून जाणारे दहा टक्के धरले की १६२ चे १८० होतात (१६२ भागिले ०.९, दहा टक्के मिळवून १७८ लिहिणं ही चूक फार जण करतात), दोन गटांचे ३६०. शेवटी दुसऱ्या युनिटचे पेशंटही घ्यायचं ठरलं. त्यासाठी दोन युनिटप्रमुखांना एका टेबलावर बसवण्याची कथा वेगळी आहे आणि ती सांगण्यासारखी नाही.

कमिटीपुढे गेलेल्या आराखड्याची प्रत माझ्याकडे आहे. नमुन्याच्या आकाराखाली एरवी एका ओळीचं सूत्र असतं. तिथे अर्धं पान आहे. कुठला फरक, टक्क्यांत का, आकडे कुठल्या रजिस्टरचे, चाचणी कुठली. आणि समासात पेन्सिलने, बहुधा पुसायचं राहून गेलेलं: '३८ वाला धरला आहे.'